कापसाचा सवाल

१

दुपारचं जेवण झालं की मी आणि भिला मागच्या खोलीत बसायचो. शहाद्याच्या आमच्या घराला खोल्या दोनच. पुढची तापीबाईची, म्हणजे माझ्या बायकोची आणि तिच्या चुलीची. मागची सनयांची. मी गत, म्हणजे मुख्य चाल, वाजवायचो आणि माझा धाकटा भाऊ भिला सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे एकच स्वर, तासभर, न थांबता. त्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात. लग्नात लोक गत ऐकतात, सूर धरणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण सूर थांबला तर गत उघडी पडते.

माणूस न थांबता फुंकतो कसा? गालात हवा साठवायची, ती गालांनीच पुढे ढकलायची आणि तेवढ्यात नाकानं श्वास ओढून घ्यायचा. त्या क्षणी सूर जरासा वाकतो. वऱ्हाडाला ते कळत नाही, आम्हाला कळतं. भिलाचा सूर दर आठ मात्रांनी वाकायचा. मी त्याचा पोरपणापासूनचा सूर ऐकत आलेला. झोपेतसुद्धा मी ते आठ मोजत असेन.

मी रागीट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, नंतर गावानं सांगण्यापेक्षा बरं. वडील म्हणायचे, सुपडूच्या नाकावर राग बसलेला असतो, म्हणून त्याला श्वासाला वाट मिळत नाही. भिला मात्र गायीच्या जातीचा. मारलं तरी कान हलवून पुन्हा चरायला लागणारा.

२

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात नंदुरबारला पुखराज शेठच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. शेठ मारवाडी, कापसाचा मोठा व्यापार. आम्ही मुलीकडचे वाजंत्री. वऱ्हाडाबरोबर उदेसिंग आला, तळोद्याचा, रुंद छातीचा, तोंडानं गोड आणि मनानं आंबट.

दोन ताफे समोरासमोर आले की आमच्यात सवाल होतो. मांडवाच्या दारात दोघे गत वाजवणारे एकमेकांपुढे उभे राहतात आणि दोघांच्या नाकपुड्यांत कापूस भरतात. म्हणजे चोरून श्वास घ्यायची सोय नाही. एका दमात ज्याची गत आधी मोडेल तो हरला. मेलेल्याच्या नाकात कापूस घालतात, आमच्या धंद्यात जिवंताच्या घालतात, एवढाच फरक. जो हरतो तो आपल्या सनईतून तांब्याभर पाणी ओततो आणि पुढचं वर्षभर गत वाजवत नाही. ताफ्यातल्या दुसऱ्याला गत द्यायची आणि आपण त्याच्यामागे बसून सूर धरायचा. शिक्षा म्हणा, औषध म्हणा. वडील औषध म्हणायचे. हरलेल्या माणसाला वर्षभर कुणाच्या तरी पाठीमागे बसू दिलं की त्याच्या छातीतला जाळ विझतो, असं त्यांचं म्हणणं.

शेठचे मुनीम धर्मचंद काठी आपटत मोजायला लागले. पंचविसापर्यंत मी मजेत होतो. सव्विसाव्या काठीला उदेसिंगनं डोळा मारला. बस्स, एवढंच. माझं डोकं तडकलं आणि गत फाटली. बाईमाणसं हसली. उदेसिंग एकतिसापर्यंत गेला, मग कापूस काढून म्हणाला, "सुपडू भाऊ, सूर धराना शिकी ले. त्याले बी अक्कल लागस."

शेठ म्हणाले, "चलो भाई, हो गया. मुहूरत निकल जाएगा." माझी इज्जत गेली ती मुहूर्ताच्या आत गेली, एवढंच त्यांना बरं वाटलं.

३

घरी येऊन दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दुपारी मागच्या खोलीत गेलो तर भिला बसलेला. त्यानं सुराची सनई माझ्या जागेवर ठेवली होती आणि माझी गतीची सनई मांडीवर घेतली होती. आगाऊपणा नव्हता तो, रीत होती.

"दादा," तो म्हणाला, "आते वरीसभर मी गत वाजाडस. तू सूर धर. बा नी बी धरेल व्हता. त्यामा काय लाज शे?"

लाज शब्द त्यानं उच्चारायला नको होता. मी त्याच्या हातातली सनई हिसकली आणि तिच्या खालच्या पितळी तोंडानं त्याच्या तोंडावर मारलं. एकदा मारून थांबायला हवं होतं. मी चार वेळा मारलं. पहिल्या फटक्याला ओठ फाटला, दुसऱ्याला समोरचे दोन दात आत गेले. तिसऱ्याला तो पडला आणि चौथा मी पडलेल्याला मारला. त्याची छाती वर गेली ती खाली येईना. मी बघत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, त्या वेळी मी मोजत नव्हतो.

तापीबाई धावत आली. "मारी टाकतस का त्याले? भाऊ शे तुम्हना!"

मी त्याच्यावर वाकलो. भीतीनं माझा श्वास कोंडला होता, तो मी सोडला आणि एक मोठा श्वास घेतला. त्याच क्षणी भिलाची छाती हलली. तो उठून बसला, दात हातात घेतले, तोंड पुसलं आणि मेणानं बुजवलेली सनई उचलून, रक्तासकट, सूर धरला.

"हं," मी म्हणालो, "असंच. सूर तूच धरायचास. मी नाही."

रीत मोडल्याचं त्या घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं.

४

दुसऱ्या दुपारी मी गत वाजवत होतो आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. गत बरोबर होती, सनईच्या तोंडाची पत्ती नवी होती. मग लक्षात आलं की मी आठची वाट बघतोय आणि आठ येत नाहीये.

भिलाचा सूर वाकत नव्हता.

मी वाजवायचं थांबवून मोजलं. वीस. साठ. दोनशे. सूर ताणलेल्या तारेसारखा सरळ. भिला समोर बसलेला, डोळे माझ्यावर, ओठ सुजलेले. वर दात नाहीत म्हणून पत्ती वेगळी बसत असेल, असं मी मनाला समजावलं. दातांमुळे सूर बदलेल, हे पटण्यासारखं आहे. पण दात पडले म्हणून माणसाला श्वास घ्यावा लागत नाही, असं कुणी ऐकलंय?

चौथ्या दिवशी मी लग्नाच्या बिदागीत पुखराज शेठनं दिलेल्या कापसाची एक बट पिंजून भिलाच्या नाकाशी धरली. नुसत्या बोलण्यानं उडेल एवढी हलकी. तो सूर धरून होता. बट हलली नाही.

"श्वास घे," मी म्हणालो.

त्यानं सनई काढली. "लेस ना दादा."

"कथाईन लेस? कुठून?"

तो अडचणीत सापडल्यावर पाहुण्यासमोर माणूस हसतो तसा हसला. तोंडातली काळी फट दिसली.

आणि मग मला माझं कळलं. मी गप्प बसलो होतो, वाजवत नव्हतो, दमलो नव्हतो. तरी माझी छाती आपोआप भरत होती. न विचारता. मी मोजलं. दर आठला.

५

माणसानं घाबरावं आणि गप्प राहावं. मला घाबरलं की राग येतो. महिनाभर मी ते सोसलं. जेवताना घास तोंडात असताना आठ यायचा आणि ठसका लागायचा. बाजारात कुणाशी भांडायचं म्हटलं तरी वाक्याच्या मध्येच छाती भरायची आणि समोरचा हसायचा. ज्येष्ठ संपताना एका दुपारी भिला सूर धरून बसला होता आणि माझी छाती भात्यासारखी चालली होती. मी उठलो आणि दोन्ही हातांनी त्याचा गळा धरला.

त्यानं हात वर केले नाहीत. सनई त्याच्या ओठांतून निसटून जमिनीवर पडली, गडगडत भिंतीला लागली.

सूर चालू राहिला.

मी गळा आणखी दाबला. माझ्या अंगठ्यांखाली काहीच वरखाली होत नव्हतं. ना हवा, ना थुंकी. त्याचे डोळे लाल झाले, जीभ फटीतून बाहेर आली. सूर खोलीत भरून राहिलेला, सरळ, जवळून, फार जवळून. मी आवाजाच्या दिशेनं मान वर केली. समोरच्या भिंतीवर माझा दाढीचा आरसा होता.

आरशात माझे गाल फुगलेले होते. ते आत जात होते, बाहेर येत होते, कसलेल्या सूर धरणाऱ्याचे असावेत तसे. ओठ गोल होते आणि त्या गोलात काही नव्हतं. मी तोंड मिटलेलं आहे असंच समजत होतो. त्या गोलाच्या आत मला काहीतरी…

तेवढ्यात तापीबाईनं फेकलेला पितळी तांब्या माझ्या कानशिलावर बसला. मी आडवा झालो, आरसा खाली येऊन फुटला आणि सूर थांबला. भिला खोकत कुशीवर वळला.

तापीबाई उंबऱ्यावर उभी होती, पदर तोंडात कोंबून. पदर काढून तिनं विचारलं, "सनई त खाले पडेल व्हती. मंग आवाज कथाईन ये?"

मी म्हणालो, तुला भास झाला. बायकोला खोटं पाडायला नवऱ्याला अक्कल लागत नाही.

६

श्रावणात गोमाई भरली की आम्ही दोघं घाटावर आंघोळीला जायचो. मला पाण्याखाली दम धरायची सवय, त्यानं छाती वाढते. एके सकाळी मी बुडी मारली आणि मोजायला लागलो. आठला छाती भरायला बघत होती, पण पाण्यात कुठून भरणार? मी तोंड दाबून धरलं. मला आनंद झाला. म्हटलं, जिंकलो. पन्नासला वर आलो.

घाटावर चार माणसं भिलाभोवती गोळा झालेली. तो पायरीवर सरळ बसला होता, उघड्या डोळ्यांनी, नखं जांभळीच्या फळासारखी. मी धापा टाकत जवळ गेलो, आणि माझ्या प्रत्येक धापेबरोबर त्याच्या नखांवरचा रंग उतरत गेला. एक म्हातारा म्हणाला, "मिरगी शे पोऱ्याले. चप्पल सुंगाड."

लोक पांगल्यावर मी त्याच्याशेजारी बसून दम धरला. वीस झाले आणि त्याची मान कलली. मी श्वास घेतला, मान सरळ झाली. मी पुन्हा धरला. पुन्हा तेच. मग मी तिसऱ्यांदा धरला. तिसऱ्यांदा केलं ते खात्रीसाठी नव्हतं, हे आज कबूल करतो. मला ते करता येतं, याचं मला बरं वाटलं होतं.

भिलानं शुद्धीवर येऊन माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळत होतं. "दादा," तो हळू म्हणाला, "तू संतापनास का माले अंधारी येस."

त्या संध्याकाळी मी घरी आलो, मागच्या खोलीत गेलो आणि मेणानं बुजवलेली सनई उचलली. गतीची त्याच्या हातात दिली. ज्याच्यासाठी त्याचे दात पाडले होते, ते मी तीन महिन्यांनी गुपचूप केलं.

आणि मग एक गंमत झाली, तिला गंमतच म्हणतो. मला सूर धरता यायला लागला. रागावलं की श्वास आखूड होतो, म्हणून मी रागावेनासा झालो. दूधवाल्यानं पाणी घातलं, आठला श्वास घेतला. सोयऱ्यांनी "नाचता येईना, अंगण वाकडं" म्हणून चिडवलं, आठला श्वास घेतला. लग्नांत मी भिलाच्या मागे बसायचो, कुणी बघायचं नाही माझ्याकडे, आणि त्याची गत माझ्या सुरावर अशी चढायची की म्हातारे डोळे पुसायचे. लोक म्हणायचे, दोन भावांचा एकच दम. पाठीमागून त्याचे खांदे दिसायचे. मी श्वास घेतला की ते वर जायचे. मला हरल्याचं दुःख राहिलं नव्हतं. देवाची शपथ, हिवाळाभर राहिलं नव्हतं.

७

पुढच्या वैशाखात पुखराज शेठच्या धाकट्या मुलीचं लग्न. आम्ही मुलीकडचे, आणि वऱ्हाडाबरोबर पुन्हा उदेसिंग. उन्हं अजून मांडवावर होती. मला बघून तो ताफ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "उना का सूरवाला! धाकलाना मांगे बठस म्हने आते. शोभस हो तुले!"

मी आठ मोजले. पुन्हा आठ मोजले.

भिला उठला, माझ्यासमोर आला आणि गतीची सनई पुढे केली. "दादा, वरीस व्हयनं. आते तू."

"नको," मी म्हणालो. "तू वाजव."

"सवाल मोठा भाऊनाच ऱ्हास." त्यानं माझ्या हातातली सुराची सनई काढून घेतली आणि माझ्या मागे नाही, बाजूला बसला, मला दिसेल असा. का बसला तसा? माझ्यावर भरवसा होता म्हणून बसला. दुसरं कारण मला सापडत नाही.

मी नाही म्हणू शकलो असतो. लोक हसले असते, आणि हसण्याची मला वर्षभर सवय झालेली. पण सनई हातात आली. धर्मचंद मुनीम कापूस घेऊन आले. मला वाटलं, नदीवर म्हातारा म्हणाला तशी मिरगीच असेल. तापीबाईला भास झाला असेल, मलाही झाला असेल. मी शहाणा माणूस, असल्या गोष्टी मानतो का? हे सगळं मी कापूस नाकात भरून होईपर्यंत स्वतःला पटवलं. वर्षभर जे मानत आलो ते अर्ध्या क्षणात खोटं ठरवलं, कारण ते खोटं असणं त्या घडीला माझ्या सोयीचं होतं.

काठी पडली. मी फुंकलं.

वर्षभर सूर धरून माझी छाती लोखंडाची झाली होती. गत अशी निघाली की मीच चकित झालो. आठला छातीत धक्का बसला, मी तो दाबला. दहा. बाजूला भिलाचा सूर सरळ, कुठेही न वाकणारा. बारा. माझी नजर त्याच्या सनईवरच्या बोटांवर गेली. नखं निळी व्हायला लागली होती.

मी नजर उदेसिंगवर वळवली.

वीस. उदेसिंगच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. पंचवीस. सव्वीस गेली, आणि मला रडू येईल असं सुख झालं. तीस. डोळ्याच्या कोपऱ्यात भिला ताठ बसलेला होता, सूर चालू होता, आणि सूर चालू आहे म्हणजे तो बरा आहे, असं मी मोजण्याबरोबर घोकत होतो. पस्तीस. उदेसिंगचे डोळे बाहेर आले. त्याच्या गतीला तडा जाताना मी ऐकला. एकोणचाळिसाव्या काठीला ती फुटली. मी थांबलो नाही. मी आणखी एक घेतली, चाळिसावी, नुसती त्याला दाखवायला.

मग कापूस उपटला आणि हवा घेतली.

लोकांनी मला खांद्यावर उचललं. गुलाल उडाला. शेठ ओरडत होते, "वाह, सुपडू, वाह!" सूर अजून चालू होता. वरून मला भिला दिसला. ओठांशी सनई, डोळे उघडे, ज्या जागी मी उभा होतो त्या रिकाम्या जागेकडे बघत. गाल हलत नव्हते. मी खांद्यावरून आठला श्वास घेतला. पुन्हा घेतला. मोठमोठे घेतले, त्याच्याकडे तोंड करून, मुलाला लागलं की आई फुंकर घालते तसे सोडले. नखांचा रंग उतरेना. मी खाली सोडा म्हणून ओरडत होतो, लोकांच्या केसांना धरून ओढत होतो, त्यांना वाटलं मी आनंदानं वेडा झालोय. एकाच्या कानाला चावलो तेव्हा त्यांनी मला टाकलं.

माझ्याआधी उदेसिंग पोचला होता. हरल्यावर कुणाच्या तरी पाया पडावं तसा तो भिलापुढे वाकला आणि त्यानं त्याच्या नाकाशी हात धरला. तेव्हा सूर थांबला. उदेसिंगच्या चेहऱ्यावरचं सगळं गोड आणि आंबट निघून गेलं.

"सुपडू भाऊ," तो म्हणाला, "हाऊ त थंडा पडी गया शे. कव्हयना." केव्हाचाच.

भिलाला आम्ही शहाद्याला आणला तेव्हा मी त्याच्या नाकात कापूस घालू दिला नाही. मारामारी केली त्यासाठी.

त्यानंतर मी कधी हरलो नाही. आठला माझी छाती आता भरत नाही, मला हवा तेव्हा मी श्वास घेतो आणि तो सगळा माझाच असतो. सवालाला मी पन्नासपर्यंत जातो. तापीबाई चुलीपाशी बसून अजून कधीतरी विचारते, "तुम्हले कव्हय दिसनं?"

मी सांगतो, चाळीसला, सवाल संपल्यावर.

बाराला दिसलं होतं.